ओझे घेऊन वाळवंटात

बाजाराच्या दिवशी मंडईबाहेर उभी असलेली पिकअप गाडी तुम्ही पाहिली असेलच. पुढे दोघा-तिघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. कांद्याची पोती चढू लागली की गाडीची शेपूट हळूहळू खाली बसते, नाक वर होते, आणि रात्री तीच गाडी समोरून आली तर तिच्या दिव्यांचा झोत थेट आपल्या डोळ्यांत येतो. पोती उतरली की गाडी पुन्हा सरळ. या बसण्या-उठण्यात तुमच्या शाळेतल्या पदार्थविज्ञानाची दोन-तीन प्रकरणे दडलेली आहेत.

मंडई ते गाव एवढाच प्रवास असेल तर चालकाला त्याची फिकीर करण्याचे कारण नाही. काही बिघडलेच तर फाट्यावर गॅरेज असते. पण समजा, तशीच गाडी ओझ्याने भरून तुम्हाला जवळजवळ दोन हजार किलोमीटर वाळूतून आणि दगडांतून न्यायची आहे, आणि वाटेत गॅरेज तर सोडाच, माणूसही भेटण्याची खात्री नाही. मग गाडीत काय काय बदलावे लागेल? आणि बदललेच, तर त्याचा त्रास कोणाला होईल?

हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या लोकांना खरोखरच पडतो. तिथे पिकअपला ‘यूट’ म्हणतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात विलुना ते हॉल्स क्रीक अशी सुमारे १,८५० किलोमीटरची एक जुनी वाट आहे, तिचे नाव कॅनिंग स्टॉक रूट. उत्तरेकडची गुरे दक्षिणेच्या सोन्याच्या खाणींकडे हाकत नेता यावीत म्हणून आल्फ्रेड कॅनिंग या सर्वेक्षकाने १९०६ मध्ये तिची पाहणी सुरू केली, आणि १९०८ ते १९१० या काळात वाटेवर विहिरी खोदल्या गेल्या. (पाणी दाखवण्यासाठी त्याच्या पथकाने तिथल्या आदिवासींना साखळ्यांनी बांधून नेले होते. त्याची चौकशी करायला १९०८ मध्ये आयोग बसला. वाटेचे नाव घेताना एवढे लक्षात असावे.) आज या वाटेवर गुरे नाहीत, हौशी प्रवासी जातात. सुमारे नऊशे वाळूच्या टेकड्या ओलांडाव्या लागतात, दोन ते तीन आठवडे लागतात, आणि डिझेल मिळण्याचे ठिकाण मध्ये एकच, कुनावारित्जी ही वस्ती. विलुनाहून ती जवळजवळ हजार किलोमीटरवर आहे.

आपण उदाहरणाला टोयोटा लँडक्रूझर ७९ ही पिकअप घेऊ. तिथल्या शेतांवर आणि खाणींवर ती सर्रास दिसते. २००७ पासून पुढे अनेक वर्षे ती साडेचार लिटरच्या व्ही-८ डिझेल इंजिनासह विकली जात होती. त्या काळातल्या दोन रांगांच्या केबिनच्या प्रकारात गाडी आणि ओझे मिळून कंपनीने ३,३०० किलोची मर्यादा घातलेली होती. हौद्याविना गाडीचे स्वतःचे वजन २,२०० किलोच्या आसपास धरू. म्हणजे ओझ्याला उरले १,१०० किलो. भरपूर वाटते, नाही?

आता भरायला घेऊ. आकडे अंदाजाचे आहेत, पण फार चुकीचे नाहीत. हौदा आणि त्यावरची बंद पेटी २५० किलो. पुढचा भक्कम लोखंडी बंपर आणि रुतलेली गाडी ओढून काढणारे विंच मिळून १००. दोघांसाठी पाणी १२०. वाळूत ही गाडी लिटरला पाच किलोमीटर चालली तर हजार किलोमीटरला दोनशे लिटर डिझेल लागेल. टाकीत मावते १३० लिटर, म्हणून थोडे हाताशी ठेवून वर शंभर लिटर, म्हणजे ८५ किलो. आणखी एक जादा चाक ४०. हत्यारे आणि सुटे भाग ११०. फ्रिज आणि बॅटरी ७०. अन्न, भांडी ८०. तंबू, अंथरूण ६०. दोन माणसे १६०. बेरीज करा: १,०७५. शिल्लक फक्त पंचवीस किलो, आणि अजून कोणी कॅमेऱ्याची पेटी किंवा गॅसची टाकी काढलेलीच नाही!

त्यामुळे बहुतेकांची पहिली धाव असते ती मागच्या स्प्रिंगांकडे.

या गाडीला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे असतात. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. आपल्या ट्रकला आणि एस.टी.लाही हे पाटे पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहेत. स्प्रिंगवर ओझे दुप्पट ठेवले की ती दुप्पट दबते, हा हूकचा नियम तुम्ही वर्गात शिकलेला आहात. हिशेबापुरते समजा की मागचे दोन्ही पाटे मिळून शंभर किलोला एक सेंटिमीटर दबतात. रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर ७०० किलो भार असेल तर ते सात सेंटिमीटर दबलेले असतील. वर सहाशे किलो चढवा, ते तेरा सेंटिमीटर दबतील. गाडी सहा सेंटिमीटर खाली बसली. आस आणि चॅसी यांच्यामध्ये जो रबराचा ठोकळा असतो तो मूळचा आठ-नऊ सेंटिमीटरवर असेल, तर आता खड्ड्यासाठी उरले दोन-तीन सेंटिमीटर! पहिल्याच खड्ड्यात रबर आपटणार आणि पुढचा धक्का सरळ चॅसीला बसणार.

मग कडक पाटे घालू. समजा, एका सेंटिमीटरला १४० किलो लागतील असे. सहाशे किलोला गाडी सव्वाचार सेंटिमीटरच बसेल. छान! पण इथे एक मेख आहे. स्प्रिंगवरची गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल हे काढण्याचे एक सोपे सूत्र आहे: स्प्रिंग किती सेंटिमीटर दबली आहे त्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि पाचाला त्याने भागा. मूळ पाट्यांवर रिकामी गाडी सेकंदाला १.९ वेळा झुलते, भरलेली १.४ वेळा. कडक पाट्यांवर भरलेली गाडी १.६ वेळा झुलेल, हे बरे आहे. पण तीच रिकामी झाली तर पाटे फक्त पाच सेंटिमीटर दबलेले असतील आणि आकडा सव्वादोनवर जाईल. झोके जितके भरभर, तितकी गाडी दणके देणारी आणि चाक जमीन सोडून उडणारी. म्हणून जाणते लोक पाटे ‘जास्तीत जास्त ओझ्याचे’ घेत नाहीत. गाडीवर कायम जेवढे ओझे राहणार आहे, तेवढ्याचे घेतात. काही पाट्यांत तळाशी एक जाड, सरळसर पट्टी असते. ओझे वाढून वरची कमान सपाट झाली की मगच ती भार घेऊ लागते. रिकाम्या गाडीत ती नुसती बसून असते.

स्प्रिंगेचा एक स्वभाव असा, की ती दबताना घेतलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत करते. एकदा झुलू लागली की झुलतच राहते. हे झुलणे थांबवण्यासाठी प्रत्येक चाकापाशी शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. दट्ट्या सरकला की तेलाला त्या भोकांतून जावे लागते आणि झोक्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणजे हे यंत्र धक्के ‘खात’ नाही, ते धक्क्यांची उष्णता करते. आणि ही उष्णता हाच वाळवंटातला मोठा प्रश्न आहे.

कारण तिथले कच्चे रस्ते सपाट नसतात. मैलोन्‌मैल ते पन्हाळी पत्र्यासारखे आडवे वळ्यावळ्यांचे असतात. आपल्याकडेही घाटमाथ्यावरच्या मुरमाच्या रस्त्यांवर अशा वळ्या थोड्याफार दिसतात. २००७ साली टोरोंटो, केंब्रिज आणि फ्रान्समधील लिओं येथल्या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी याचा सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. गोल फिरणाऱ्या थाळ्यावर वाळू पसरली आणि तिच्यावर एक साधे चाक टेकवले, त्याला ना स्प्रिंग ना हवेचा टायर. थाळा हळू फिरवला तर वाळू सपाट राहिली; ठरावीक वेग ओलांडला की आपोआप वळ्या उमटल्या. म्हणजे दोष ना गाडीच्या स्प्रिंगांचा, ना ड्रायव्हरच्या हातांचा. खरा उपाय एकच, सगळ्यांनी बैलगाडीच्या वेगाने जाणे, आणि तो कोणी पाळणार नाही!

हिशेब करू. दोन वळ्यांमध्ये पाऊण मीटर अंतर धरा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. म्हणजे प्रत्येक चाकाला सेकंदाला तीस धक्के, आणि शंभर किलोमीटरमध्ये एक लाख तेहेतीस हजार. एका धक्क्यात शॉक अ‍ॅब्सॉर्बरने फक्त बारा ज्यूल ऊर्जा जिरवली असे समजा. सेकंदाला झाले ३६० ज्यूल, म्हणजे ३६० वॅट. एका हातभर नळकांड्यातल्या अर्ध्या लिटर तेलात आपण छोटी शेगडी लावून ठेवली आहे, आणि बाहेरची हवाही चाळीस अंशांवर. तेल तापते, पातळ होते, भोकांतून सहज पळू लागते, त्यात फेस होतो. मग दट्ट्याला अडवणारे काही उरत नाही. गाडी नावेसारखी डुलू लागते आणि वळणावर मागची चाके बाजूला सरकतात.

या बाबतीत सुधारणा म्हणजे ‘अधिक कडक’ शॉक अ‍ॅब्सॉर्बर असे अनेकांना वाटते. खरी गरज असते ती अधिक तेलाची आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या मोठ्या पृष्ठभागाची. म्हणून जाड नळकांड्याचे, काही वेळा बाजूला तेलाची वेगळी कुपी जोडलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवतात. त्यांत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. दाबामुळे तेलात फेस होत नाही; सोड्याच्या बंद बाटलीत बुडबुडे दिसत नाहीत, झाकण उघडले की येतात, तसेच हे.

असो. पाटे झाले, शॉक अ‍ॅब्सॉर्बर झाले. गाडी ओझे घेऊनही सरळ उभी आहे. मालक खूश आहे. पण मित्रहो, ओझे गेले कुठे? ते कमी झालेले नाही. पूर्वी पाटे दबून तक्रार करत होते, आता ते मुकाट्याने भार चॅसीला देत आहेत.

चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा, दोन लांब पोलादी तुळया. पिकअपची अडचण अशी, की तिचा हौदा मागच्या आसाच्याही मागे बराच लोंबतो. दोन रांगांच्या केबिनच्या प्रकारात तर फारच. कारण केबिन लांबली, पण पुढच्या-मागच्या आसांतले अंतर तेच राहिले, ३.१८ मीटर. आता शेपटीला जादा चाके, पाण्याचे कॅन आणि हत्यारांची पेटी असे २५० किलो बांधा, आसाच्या १.२ मीटर मागे. ही झाली तरफ, आणि मागचा आस तिचा टेकू. २५० गुणिले १.२ बरोबर ३००. भागिले ३.१८, सुमारे ९४. म्हणजे शेपटीचे ओझे पुढच्या आसावरून ९४ किलो उचलून काढते, आणि तेही मागच्या आसाच्या माथी मारते. आपण ठेवले २५० किलो, मागच्या आसाने सोसले ३४४. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल वाटते, ब्रेक कमी पकडतात, आणि दिवे (मंडईतल्या पिकअपसारखे) आकाशाकडे पाहू लागतात.

बळ गुणिले अंतर या गुणाकाराला परिबल म्हणतात. तुळई वाकते ती परिबलाने. उभ्या गाडीत ते ३०० किलोग्रॅम-मीटर आहे, पण गाडी टेकाडावरून उतरून खाली आदळली की क्षणभर वस्तू तिप्पट जड झाल्यासारखी वागते. ३०० चे ९०० होतात.

इथेच एक सुधारणा अनेकांच्या अंगाशी आलेली आहे. पाट्यांच्या जोडीला आस आणि चॅसी यांच्यामध्ये रबरी हवाफुगे बसवायचे आणि ओझे वाढले की त्यांत हवा भरायची. स्वस्त, सोपे, गाडी लगेच सरळ! पण भार चॅसीला कुठे पोचतो ते पहा. पाट्याची दोन टोके चॅसीला आसाच्या पुढे आणि मागे जोडलेली असतात. मागचे टोक आसाच्या ६० सेंटिमीटर मागे असेल, तर शेपटीच्या ओझ्यापासून आधार फक्त ६० सेंटिमीटरवर येतो. हवाफुगा मात्र आसाच्या बरोबर वर असतो, ओझ्यापासून पूर्ण १.२ मीटरवर. जेवढा भार फुगा पाट्याकडून काढून घेईल तेवढी ही तरफ लांबेल. सगळाच भार फुग्यावर गेला तर चॅसीला वाकवणारे परिबल दुप्पट. ऑस्ट्रेलियात केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीखाली केळ्यासारख्या वाकलेल्या पिकअप ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. फुगे वाईट असतात असे नाही. पण ते गाडी सरळ दाखवतात आणि ओझे झाकतात, आणि ही गोष्ट ते बसवणाऱ्याच्या ध्यानात येतेच असे नाही. म्हणून काहीजण उलटा मार्ग धरतात. चॅसी कापून तिच्यात तुकडा जोडतात आणि मागचा आसच सुमारे ३० सेंटिमीटर मागे नेतात. काम खर्चाचे आणि अत्यंत कुशल वेल्डरचे, पण तरफेचा हिशेब पाहिलात तर त्यातला शहाणपणा दिसेल.

याच गाडीत आणखी एक गंमत आहे. २००७ मध्ये रुंद व्ही-८ इंजिन मावावे म्हणून पुढचा भाग रुंद केला गेला, मागचा आस मात्र तसाच राहिला. मागच्या दोन चाकांतले अंतर पुढच्यापेक्षा ९५ मिलिमीटरने कमी! डांबरावर याने काही बिघडत नाही. वाळूत मात्र पुढच्या चाकांनी दाबून तयार केलेल्या चाकोरीत मागची चाके नीट बसत नाहीत. त्यांना स्वतःची वाट पुन्हा पाडावी लागते. त्यावर बाहेर काढलेल्या रिंगा बसवल्या तर चाक बेअरिंगपासून दूर जाते आणि बेअरिंगवरचे परिबल वाढते. रुंद आस बसवला तर तो दोष नाही, पण खिसा रिकामा.

आता इंजिनाकडून चाकांकडे येणाऱ्या ताकदीची वाट पाहू. या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ, म्हणजे फिरवण्याचे बळ, ४३० न्यूटन-मीटर होता. भरलेल्या ३,३०० किलोच्या गाडीला मऊ वाळूत चालायला किती बळ लागेल? डांबरावर चाक फिरवत ठेवायला वजनाच्या शेकडा दीड-दोन भाग बळ पुरते. मऊ वाळूत ते शेकडा वीस-तीसवर जाते. पंचवीस धरले तर सुमारे ८,१०० न्यूटन. त्यात १५ अंशांचा चढ, आणखी ८,४०० न्यूटन. एकूण साडेसोळा हजार. चाकाची त्रिज्या ३९ सेंटिमीटर, म्हणून चाकांना एकूण पीळ हवा जवळजवळ ६,४०० न्यूटन-मीटर. साध्या दुसऱ्या गिअरमध्ये मिळतात कसेबसे ४,१००. पण चारचाकी जोर देणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्सनंतर ट्रान्स्फर केस नावाची आणखी एक पेटी असते. तिच्यातला ‘लो’ दांडा टाकला की वेग अडीचपट घटतो आणि पीळ अडीचपट वाढतो. लो-मधल्या दुसऱ्या गिअरमध्ये दहा हजारांच्या वर पीळ मिळतो. टेकडीवर चढणारे लोक बहुधा हाच गिअर धरतात, ते उगीच नव्हे.

पण बहुतेक प्रवासी मोठे टायर बसवतात. आस जमिनीपासून उंच राहावा, दगडाला डिफरन्शियल घासू नये, हा हेतू रास्तच आहे. व्यास ७८ सेंटिमीटरऐवजी ८४ झाला, म्हणजे शेकडा आठने वाढला. तेवढ्याच बळासाठी आता पीळही शेकडा आठने जास्त हवा. शिवाय वेगदर्शकावर १०० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात १०७-१०८ ने धावत असते! जणू कोणी गाडीचे सगळे गिअर एका झटक्यात उंच करून ठेवले. क्लच अधिक घसरतो, तापतो, चढावर गाडी धापा टाकते.

याची दुरुस्ती डिफरन्शियलमध्ये होते. तिथे पिनिअन नावाचे छोटे दातेरी चाक क्राउन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवते. या गाडीत मूळ प्रमाण ३.९ होते, म्हणजे पिनिअन ३.९ वेळा फिरले की चाक एकदा. त्याऐवजी ४.३ ची जोडी घातली की शेकडा दहाची भरपाई होते. मात्र पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये एकच प्रमाण हवे. एकच बदलून पुढची-मागची चाके जोडली तर दोन्ही आस वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतील, मधल्या शाफ्टमध्ये पीळ साठत जाईल आणि शेवटी काहीतरी तुटेल.

काय तुटेल? हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. इंजिनाचा पीळ लो-पहिल्या गिअरमध्ये ४४ पट होतो, म्हणजे जवळजवळ १९,००० न्यूटन-मीटर. एवढा सगळा पीळ एका चाकाच्या दांड्यावर, म्हणजे एक्सलवर, कधी येत नाही. का? कारण त्याआधी टायर घसरतो. टायर हा गाडीचा फ्यूज आहे. त्याच्यावरचे वजन, जमिनीचे घर्षण आणि चाकाची त्रिज्या यांचा गुणाकार होईल तेवढाच पीळ तो सोसतो. पुढे तो सुटतो आणि एक्सल वाचतो. कोरड्या खडकावर घर्षणाचा आकडा ०.८ धरा. रिकाम्या गाडीत चाकावर ६५० किलो आणि त्रिज्या ३९ सेंटिमीटर असेल तर टायर सुमारे २,००० न्यूटन-मीटरला सुटेल. आता चाकावर १,१०० किलो आणि त्रिज्या ४२ सेंटिमीटर करा: ३,६००! ओझे आणि मोठा टायर यांनी मिळून फ्यूजची तार पावणेदोन पटींहून जाड करून टाकली. आत एक्सल मात्र तोच, दातेही तेच.

त्यात डिफरन्शियल लॉक असेल तर आणखी. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते, म्हणून एक चाक हवेत लटकले की दुसरेही निकामी. लॉक लावला की दोन्ही एक्सल घट्ट जोडले जातात आणि पकड असलेल्या चाकाकडे सगळा पीळ जातो. रुतलेली गाडी निघते, पण तो एकटा एक्सल आता दोघांचे काम करतो. मग लोक मिश्रपोलादाचा बळकट एक्सल घालतात. आणि एक्सल तुटेनासा झाला की पाळी येते क्राउन-पिनिअनच्या दातांची किंवा पुढच्या चाकाच्या सांध्याची. मला विचाराल तर एक्सल तुटलेला बरा. या गाडीच्या मागच्या आसाची रचना अशी आहे, की गाडीचे वजन बाहेरच्या नळीसारख्या आवरणावर असते आणि आतला एक्सल फक्त फिरवण्याचे काम करतो. चाक न काढता, हबचे नट सोडून तुटलेला एक्सल ओढून काढता येतो आणि सोबत नेलेला नवा घालता येतो. डिफरन्शियलचे दात मात्र वाळूत बसून कोण बदलणार?

आता सगळ्यांत स्वस्त सुधारणा. तिला पाना लागत नाही, टायरच्या वाल्वमध्ये खुपसायला एखादी काडी पुरते. चाकावर ९०० किलो आणि टायरमध्ये ४० पौंड हवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.८ किलो दाब असेल, तर टायर जमिनीला सुमारे ३२० चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा १६ पौंडांवर आणा, ८०० चौरस सेंटिमीटर! टायरचा ठसा मुख्यतः लांबीने वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. वाळू कमी दबते, शेकडा पंचवीसचा तो रोध घटतो, आणि त्याबरोबर गिअर, क्लच, एक्सल सगळ्यांवरचा ताण हलका होतो. वळ्यांच्या रस्त्यावरही थोडी कमी हवा शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काही काम स्वतःच्या अंगावर घेते. मात्र अशा टायरने वेगात जायचे नाही. टायरच्या भिंती सतत दुमडून तापतात आणि फुटतात. कठीण रस्ता आला की पंपाने हवा पुन्हा भरायची.

ब्रेकबद्दल दोनच शब्द. थांबवायची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० च्या वेगाला २,२०० किलोच्या गाडीत सुमारे साडेपाच लाख ज्यूल असतात, ३,९०० किलोच्या गाडीत साडेनऊ लाखांहून अधिक. म्हणूनच तिथे एकूण वजनाची मर्यादा वाढवून घ्यायची तर नुसते पाटे बदलून भागत नाही. ब्रेक, स्थिरता, चॅसी या सगळ्यांचा पुरावा द्यावा लागतो आणि नव्या मर्यादेचा दाखला गाडीला मिळतो. ३,३०० ची मर्यादा अशी पावणेचार टनांच्या पुढेही नेता येते. दाखला नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल ते करू देत नाही.

निघण्याआधी हे प्रवासी गाडी भरून वजनकाट्यावर नेतात. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची. दोन आकडे मिळाले की सामान कुठून कुठे हलवायचे ते कळते. ते तुम्हीही करून पहा, वहीत. आपल्या गाडीच्या शेपटीला, आसाच्या १.२ मीटर मागे, ८० किलोची दोन जादा चाके बांधलेली आहेत. ती सोडून हौद्याच्या पुढच्या भागात, आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे ठेवली. आसांतले अंतर ३.१८ मीटर. एक किलोही गाडीतून न उतरवता मागच्या आसावरचा भार किती कमी झाला? उत्तर ३८ किलोच्या आसपास यायला हवे.